हॉक माउंटनवरील शिकारी पक्ष्यांची गणना

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, किटाटिनी डोंगररांगेच्या सुमारे १,५०० फूट उंच माथ्यावरून दक्षिणेकडे स्थलांतर करणाऱ्या गरुड, ससाणे, बाज आदी पक्ष्यांची दर शरद ऋतूत होणारी मोजणी. ती १९३४ साली सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धातली १९४३ ते १९४५ ही वर्षे वगळता तिच्यात खंड पडलेला नाही.

सुरुवातीचा हेतू संशोधनाचा नव्हता. शिकारी पक्षी तेव्हा उपद्रवी समजले जात आणि गॉसहॉक हा बाज मारणाऱ्याला राज्य सरकार ५ डॉलर इनाम देई. बंदूकवाले याच कड्यावर ठाण मांडून समोरून जाणारे पक्षी निव्वळ मौजेखातर पाडत. पक्षीसंरक्षणासाठी झटणाऱ्या रोझली एज यांनी १९३४ मध्ये सुमारे १,४०० एकर डोंगर भाडेपट्ट्याने घेऊन मॉरिस ब्रून यांना राखणदार नेमले. त्यांच्या पत्नी अर्मा खाली रस्त्यावर शिकाऱ्यांना अडवत, ब्रून वर बसून पक्षी मोजत.

मोजणीचा हंगाम १५ ऑगस्ट ते १५ डिसेंबर. वायव्येचा वारा डोंगराला थडकून वर उसळतो; त्यावर स्वार झालेले पक्षी पंख फारसे न हलवता रांगेला धरून सरकतात. म्हणून थंड हवेची लाट येऊन गेली की माथ्यावर पक्ष्यांची गर्दी होते. समोरच्या टेकाडांना क्रमांक दिले आहेत, त्यामुळे ‘तीनवर एक’ एवढे म्हटले तरी सगळ्या दुर्बिणी तिकडे वळतात. इतक्या अंतरावरून रंग कळत नाही. पंखांची ठेवण, शेपटीची लांबी आणि उडण्याची ढब यांवरूनच जात ठरवावी लागते. सप्टेंबरच्या मध्यास ब्रॉड-विंग्ड हॉक गरम हवेच्या झोतात मोठ्या थव्यांनी घिरट्या घेतात. तेव्हा मोजायला गेले की हिशेब हमखास चुकतो. झोताच्या टोकाला पोचून ते एकामागोमाग पुढे निसटू लागले की मगच काउंटरचे बटण दाबायचे. दर तासाला आकड्यांसोबत वारा, ढग, दृश्यमानता आणि निरीक्षकांची संख्याही नोंदवतात.

ही शिरगणती नव्हे, कारण बरेच पक्षी नजरेआडून जातात. मोल आहे ते एकाच जागेवरून, एकाच रीतीने, वर्षानुवर्षे मोजण्याला. बाल्ड ईगलच्या पिल्लाचे डोके काळपट असते, पांढरे व्हायला चार-पाच वर्षे लागतात. त्यामुळे वहीत वयही उतरते. १९३५ ते १९३९ या काळात इथे दिसलेल्या बाल्ड ईगलांपैकी ४० टक्के त्याच वर्षीची पिल्ले होती. १९५७ मध्ये ३२ प्रौढांमागे जेमतेम एक, म्हणजे नवी पिढी जवळपास जन्मतच नव्हती. लेखिका रेचल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध हाच पुरावा मांडला. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली आणि पुढे हे गरुड सावरले.

आकडा घटला म्हणजे पक्षी घटले, असे मात्र धरून चालत नाही. हिवाळे सौम्य झाल्याने अनेक रेड-टेल्ड हॉक उत्तरेतच मुक्काम करतात आणि इथवर येतच नाहीत. म्हणून या वह्या इतर मोजणी-ठाण्यांच्या नोंदींशी ताडून पाहाव्या लागतात.