सर्पविषावरील औषधांचे प्रीक्लिनिकल संशोधन

नवे औषध माणसाला देण्याआधी त्याची परीक्षा काचनळीत, पेशींवर आणि प्राण्यांवर घेतली जाते. या टप्प्याला प्रीक्लिनिकल संशोधन म्हणतात. औषध काम करते का, कोणत्या वाटेने करते, किती मात्रेत करते आणि किती मात्रेत अपाय करते, हे इथे पाहायचे असते. प्रस्तुत नोंद सर्पविषावरील औषधांपुरती आहे. त्यात प्रतिविष, म्हणजे विष निष्प्रभ करणारे औषध, येते, तसेच दुसऱ्याच आजारासाठी तयार झालेली आणि आता विषावर वापरून पाहिली जाणारी जुनी औषधेही येतात.

सांगली-सातारा पट्ट्याला हा विषय परका नाही. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा नागपंचमीसाठी प्रसिद्ध आहे. जिवंत नाग पकडून मिरवण्याच्या तिथल्या प्रथेवर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे बंधने आली, त्यावर बरीच चर्चाही झाली. मात्र पूजेतला नाग वेगळा आणि शिवारातला साप वेगळा. कृष्णा-वारणेच्या काठी उसात उंदीर असतात आणि उंदरांमागे साप येतात. पाचटाखाली पडलेली घोणस ऊसतोडणी करणाऱ्याला दिसत नाही. साप चावला असे इकडे पटकन म्हणत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात. त्यानंतर गाडी मिळेपर्यंत, तालुक्याचे रुग्णालय गाठेपर्यंत आणि गरज पडली तर मिरज किंवा कराडला पोहोचेपर्यंत जो वेळ जातो, तोच या संशोधनातला सर्वांत अवघड आकडा आहे.

प्रतिविष आणि उंदीर

घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा टोचून त्याच्या रक्तातून प्रतिपिंडे मिळवण्याची युक्ती १८९०च्या दशकातली. फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावर तिचा उपयोग केला. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांवर चालते. डॉक्टर त्याला एएसव्ही म्हणतात, गावात ते ‘सापाचं इंजेक्शन’ असते. त्याच्या १ मिलिलिटरने नागाचे किंवा घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यारीचे किंवा फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावे, असे मानक आहे. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते असे धरले, तर १० मिलिलिटरच्या सुमारे १० कुप्या लागतात. सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या देण्याचा प्रघात या हिशेबावर उभा आहे.

हे मानक ठरते उंदरावर. १८ ते २० ग्रॅम वजनाचे पांढरे उंदीर घेतात. निम्मे उंदीर दगावतील ती विषाची मात्रा आधी काढतात. तिला एलडी ५० म्हणतात. मग तिच्या काही पट, बहुधा ३ ते ५ पट, विष प्रतिविषाच्या कमी-जास्त मात्रांत मिसळून ३७ अंश सेल्सियसला ३० मिनिटे ठेवतात. हे मिश्रण उंदराच्या शेपटीच्या शिरेत टोचतात आणि पुढे किती जगले ते मोजतात. निम्मे वाचवणारी मात्रा म्हणजे ईडी ५०. कारखान्यातून निघणाऱ्या प्रतिविषाची ताकद पडताळायला ही रीत उत्तम आहे, कारण तिचे उत्तर दर वेळी जवळपास सारखे येते.

खोट आहे ती इथेच. या प्रयोगात विष आणि औषध शरीरात शिरण्याआधीच एकमेकांना भेटलेले असतात. उसाच्या फडात असे कधी होत नाही. विष पुढे गेलेले असते आणि औषध मागून धावते. म्हणून आता आधी विष टोचून काही वेळाने औषध देण्याच्या प्रयोगांवर भर दिला जातो. अशा प्रयोगांत पहिल्या रीतीने उत्तीर्ण झालेली औषधे पुष्कळदा ढेपाळतात. मिश्रणाच्या प्रयोगातला नुसता यशाचा आकडा वाचून हुरळून जाऊ नये, तो या कारणाने.

दुसरी अडचण विषाच्या उगमाची. भारतातल्या प्रतिविषासाठी लागणारे विष प्रामुख्याने तमिळनाडूतील इरुळा या आदिवासी जमातीच्या सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येते. ती १९७८ मध्ये स्थापन झाली. पण एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, त्यातल्या प्रथिनांचे प्रमाण वेगळे असते. चेन्नईजवळच्या सापाच्या विषावर बेतलेले औषध पश्चिमेकडच्या सापाला तितकेच लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. ते तपासायलाही पुन्हा उंदीरच लागतो.

जुनी औषधे, नवे काम

नवे रसायन शोधून बाजारात आणायला बहुधा दशकाहून अधिक काळ जातो. सर्पदंशाचे रुग्ण गरीब, त्यामुळे त्यात पैसा घालणारे थोडे. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले तेही २०१७ मध्ये. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अंदाज आहे. अशा ठिकाणी जुन्या औषधाला नवे काम लावणे परवडते. त्याची विषाक्तता, शरीरात त्याचे काय होते, किती काळ टिकते, ही कागदपत्रे तयार असतात. पण त्याने सगळे प्रीक्लिनिकल काम वाचते, ही समजूत मात्र चुकीची. मात्रा बदलली, गोळीऐवजी सुई आली किंवा दोन औषधे एकत्र आली, की बरेच काम पुन्हा करावे लागते.

मात्रेचेच पाहा. उंदराला किलोमागे ६० मिलिग्रॅम दिले म्हणून माणसाला तेच द्यायचे नसते. लहान जिवाचा चयापचय वेगवान असतो, म्हणून शरीराच्या पृष्ठफळाच्या हिशेबाने उंदराची मात्रा १२.३ने भागतात. माणसासाठी ती किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास येते, आणि पहिल्या चाचणीत सुरक्षिततेसाठी त्याहूनही कमी घेतात.

या वाटेचे जुने आणि रोजच्या वापरातले उदाहरण म्हणजे निओस्टिग्मीन. हे मूळचे मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायूंच्या आजारावरचे औषध. नागाचे विष स्नायूवर जिथे संदेश पोहोचतो ती जागा अडवते. निओस्टिग्मीनमुळे संदेशवाहक रसायन साचते आणि विषाला जागेवरून हुसकते. मिटलेल्या पापण्या उघडतात. ॲट्रोपीन या दुसऱ्या औषधाच्या सोबतीने ते दिले जाते. मण्यारीच्या दंशात मात्र त्याचा सहसा उपयोग होत नाही, कारण ते विष मज्जातंतूचे टोकच निकामी करते. दोन्ही साप लकवा आणतात, पण वाटा वेगळ्या. औषधक्रियाविज्ञान हवे ते एवढ्यासाठी.

उलट्या क्रमाचे उदाहरण सह्याद्रीच्या पलीकडचे. महाड भागात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरले. हे रक्तदाबाचे औषध. या विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनलीनसारख्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते, फुप्फुसात पाणी होते; प्राझोसिन नेमकी ती आवळण सोडवते. १९८६ मध्ये त्यांचा अनुभव ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे २०११ मध्ये ‘बीएमजे’ या तशाच नियतकालिकात त्यांनीच दाखवले, की विंचवाचे प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिले तर रुग्ण सरासरी १० तासांत बरा होतो, नुसत्या प्राझोसिनने १७.७ तास लागतात. इथे उंदराआधी रुग्णाची खाट आली. पण तर्क औषधशास्त्राचाच होता, अंदाजपंचे नव्हता.

सापांच्या बाबतीत सध्या ज्यांची चर्चा आहे ती औषधे बहुतेक मूळच्या कामात नापास झालेली. मारिमास्टॅट कर्करोगावर चालले नाही. पण घोणस-फुरशाच्या विषातली रक्तस्राव घडवणारी विकरे (एन्झाइम) जस्तावर चालतात आणि ते त्यांना जखडते. युनिथायॉल जड धातूंच्या विषबाधेवरचे. तेही विकरातले जस्त ओढून घेते. फुरशाच्या कुळातील आफ्रिकी सापाच्या विषानंतर १५ मिनिटांनी ते दिले, तरी उंदीर अधिक काळ जगले. ही लहान रेणूंची औषधे तोंडाने घेता येतील अशी असतात, ऊतींत झटकन शिरतात आणि घोड्याची प्रथिने नसल्याने त्या प्रकारची ॲलर्जी होत नाही. प्रतिविषाला हे जमत नाही; त्याचे रेणू बोजड असतात. २०२४ मध्ये रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिन-वर्गीय औषधांनी आफ्रिकी थुंकणाऱ्या नागाच्या विषाने उंदरांत होणारे मांस कुजणे कमी केल्याचेही प्रसिद्ध झाले.

व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो. दक्षिण अमेरिकेतील एका सापाच्या विषातून मिळालेल्या सुगाव्यावर रक्तदाबाचे कॅप्टोप्रिल तयार झाले. हृदयविकारात वापरायचे टिरोफिबान फुरशाच्या विषातील एका प्रथिनावर बेतलेले आहे. कोकण-देशावर दगडाखाली सापडणारे हे वीतभर जनावर असे हृदयरोगाच्या विभागातही पोचले आहे.

प्राणी आणि नियम

भारतात प्राण्यांवरील प्रयोगांना प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० लागू आहे आणि प्रत्येक संस्थेत नीती समितीची परवानगी लागते. प्राणी टाळा, कमी करा, त्यांचे हाल घटवा, हे सूत्र १९५९ मध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी मांडले. (घोणशीचे इंग्रजी नाव ज्यांच्यावरून पडले ते पॅट्रिक रसेल वेगळे, अठराव्या शतकातले, त्यांनी विषाचे प्रयोग कोंबड्या-कुत्र्यांवर केले होते.) २०२३ मध्ये नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी पेशी आणि चिपवरील अवयवांच्या (चिपवर पेशी वाढवून केलेल्या अवयवांच्या प्रतिकृतींच्या) पद्धतींना वाव मिळाला. सर्पविषात मात्र रक्त, स्नायू, मूत्रपिंड सगळे एकदम कोसळते, आणि ते एका थाळीतल्या पेशींत दिसणे कठीण.

वेळेचा प्रश्न

व्हॅरेस्प्लॅडिब हे औषध हृदयविकारावर आजमावले गेले. उपयोग दिसला नाही म्हणून ती चाचणी २०१२ मध्ये थांबवली गेली. मग ते विषातील फॉस्फोलायपेज नावाच्या विकरांना रोखते असे काचनळीत दिसले, उंदीर-डुकरांत पडताळले गेले आणि भारत व अमेरिकेतील सर्पदंशाच्या रुग्णांवर चाचणी झाली. २०२४ मध्ये तिचा निकाल आला. मुख्य मोजमापात फरक दिसला नाही. पण दंशानंतर ५ तासांच्या आत औषध मिळालेल्यांत फायद्याच्या खुणा होत्या.

ग्रामीण रुग्णालयात घोणशीच्या दंशाचा निवाडा आजही एका स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीने होतो. त्यात २ मिलिलिटर ताजे रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त वाहिले तर विष चढले आहे. प्लॅस्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेलीही नाही. ही नळी तिरकी होते तोवर ५ तासांतले किती संपलेले असतात, ते फड कोणत्या गावात आहे यावर ठरते. म्हणूनच आधी उपकेंद्रात किंवा रुग्णवाहिकेत देता येईल अशी गोळी आणि मग रुग्णालयात प्रतिविष, अशा जोडीवर आता उंदरांत प्रयोग होत आहेत.