मागे सायरन, पुढे वळण

आमच्या सोसायटीच्या गेटपासून समोरच्या लाईटच्या खांबापर्यंत माझी सव्वीस पावलं होतात, टेप लावून बघितलं तर वीस मीटर. हे मोजायची वेळ का आली ते सांगतो. मागच्या महिन्यात रात्री दीडच्या सुमारास समोरच्या फ्लायओव्हरवरून तीन बाईक गेल्या, सायलेन्सर बदललेल्या, प्रत्येकीवर डबलसीट, आणि त्यांच्यामागे सायरन वाजवत पोलिसांची जीप. मी बाल्कनीत उभा होतो. सगळं मिळून सात-आठ सेकंदांत नजरेआड झालं, पण शेवटची बाईक आणि जीप यांच्यात जे अंतर होतं ते बघून माझ्या पोटात गोळाच आला. ते साधारण या गेट आणि खांबाएवढंच होतं. मी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो, त्यामुळे डोक्यात आपोआप आकडे सुरू झाले आणि रात्रभर काही झोप लागली नाही.

ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 28 मीटर. म्हणजे वीस मीटर अंतर पार व्हायला पाऊण सेकंदही लागत नाही. आता माणसाचं बघा. समोर काहीतरी झालं हे डोळ्यांना दिसणं, मेंदूला ते कळणं, मग पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर ठेवणं, या सगळ्याला एक ते दीड सेकंद जातो, आणि हे तरतरीत माणसाचं सांगतोय, रात्रपाळीत बारा तास उभं राहिलेल्या हवालदाराचं नाही. समजा पुढची बाईक घसरली आणि डिव्हायडरला आदळून जागच्या जागी थांबली. कोरड्या चांगल्या रस्त्यावरसुद्धा जीप पूर्ण थांबायला साधारण 80 मीटर लागतात, त्यातले 28 तर फक्त कळण्यातच जातात, आणि हातात आहेत वीस. म्हणजे ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पोचायच्या आधी चाक त्या पोरापर्यंत पोचलेलं असणार. ड्रायव्हर कितीही तयारीचा असू दे, मन कितीही चांगलं असू दे, त्याच्या हातात काही उरतच नाही. बाईकच्या मागे चारचाकी लावणं मला सगळ्यात भयंकर वाटतं ते याच कारणानं, कारण ज्याला पकडायचंय तोच आधी आपल्या चाकाखाली यायची शक्यता असते.

आता वेगाकडे येऊ. चाळीसवरून ऐंशीवर गेलो तर धोका दुप्पट झाला असं आपल्याला वाटतं, पण वेग दुप्पट झाला की गतीची ऊर्जा चौपट होते, आणि आदळल्यावर हाडं मोडायचं काम ही ऊर्जाच करते. मी वर्गात हे मजल्यांच्या भाषेत सांगतो कारण ते पोरांना लगेच कळतं. ताशी 40 ने भिंतीला धडकणं म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून खाली पडण्यासारखं. 60 ने धडकलात तर चौथ्या-पाचव्या मजल्यावरून. 80 ला आठवा मजला. 100 ला तेरावा, आणि 120 ला अठरा-एकोणीस मजले. कारमध्ये पुढचा पत्रा चेपतो, बेल्ट धरून ठेवतो, एअरबॅग उघडते, म्हणजे ती ऊर्जा कुठेतरी मुरवायची सोय असते. बाईकवर मुरवायला आहे काय तर आपलंच शरीर. तेराव्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्यावर कुणी पोराला बसू देणार नाही पण त्याच पोराला शंभरवर बाईक चालवताना बघून मित्र व्हिडिओ काढतात, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

सरळ रस्ता तरी एक वेळ बरा, खरी गंमत वळणावर संपते. बाईक वळवायची म्हणजे ती आडवी कलवावी लागते आणि किती कलवायची हे वेगाच्या वर्गावर (वेग गुणिले वेग) ठरतं. समजा फ्लायओव्हरच्या वळणाची त्रिज्या 60 मीटर आहे आणि रस्त्याला उतार दिलेला नाही. ताशी 60 ने गेलात तर साधारण 25 अंश कलावं लागेल, ते रोज चालवणारा कुणीही करतो. त्याच वळणावर 90 ने घुसलात तर 47 अंश लागतात, आणि तिथे साधा टायर आणि साधा डांबरी रस्ता दोघंही हात वर करतात. कोरड्या स्वच्छ रस्त्यावर त्या वळणाची मर्यादा साधारण पंचाहत्तरच्या आसपास येते, ओल्या रस्त्यावर साठच्या आसपास, आणि कडेला वाळू सांडलेली असेल (आपल्याकडे ती कुठे नसते सांगा) तर पन्नाससुद्धा जास्त होतात. हे सगळं कशावर उभं असतं तर दोन्ही टायर मिळून रस्त्याला टेकलेल्या दोन तळहातांएवढ्या रबरावर. त्या रबराकडून वळायचंही काम घ्यायचं आणि घाबरून ब्रेकही दाबायचा, तर पकड दोघांत वाटली जाते. मागे सायरन वाजत असताना वळणात शिरलेला पोरगा नेमकं हेच करतो, आधी जास्त वेगात शिरतो आणि अर्ध्या वळणात घाबरून करकचून ब्रेक दाबतो.

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट मोडून काढतो. आपल्याकडे शिकवतात ना, "पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील". उलट ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर सरकतं, तिथली पकड वाढते, मागचं चाक हलकं होतं, म्हणून थांबवायचं मोठं काम पुढच्याच ब्रेकला करायचं असतं, फक्त झटक्यात न दाबता दाब वाढवत न्यायचा. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकानं लॉस एंजेलिस भागातल्या 900 मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती, तो रिपोर्ट 1981 साली आला. त्यात दिसलं की आणीबाणीच्या वेळी लोक मागचा ब्रेक गच्च दाबून चाक घसरवतात आणि पुढच्याचा पुरेसा वापरच करत नाहीत. त्याच रिपोर्टमधली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. संकट दिसल्यापासून धडक होईपर्यंत चालवणाऱ्याला साधारणपणे दोन सेकंदांपेक्षाही कमी वेळ मिळाला होता, आणि त्या अपघातांआधीचा मधला वेग ताशी 48 किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे अगदी रोजचा वेग! शंभरवर काय उरत असेल विचार करा. आपल्याकडे एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या बाईकना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागायची सिस्टीम सक्तीची झाली, त्यानं चाक लॉक व्हायचं कमी होतं, पण पकड नसेल तर एबीएस ती कुठून आणणार.

हेल्मेटबद्दल लोक दोन टोकांना असतात, एकाला ते नकोच असतं आणि दुसऱ्याला वाटतं ते घातलं की आपल्याला काही होत नाही. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचं हेल्मेट माझ्याकडे आहे, तो साधारण चाळीसच्या वेगात खडीवरून घसरला होता, त्याला फक्त खांद्याला लागलं. बाहेरून बघितलं तर उजव्या कानाच्या वर तळहाताएवढा खरवडल्याचा डाग, बाकी काही नाही. आतलं कापड उचकटून मी पोरांना दाखवतो, तिथला थर्माकोल एका जागी बशीसारखा आत बसलाय, बोट फिरवलं की कड लागते, आणि तो परत कधीच वर येणार नाही. तो चेपला म्हणून डोकं दोन-अडीच सेंटिमीटर अंतरात हळूहळू थांबलं, नाहीतर कवटी रस्त्यावर दोन-तीन मिलिमीटरमध्ये थांबली असती आणि मेंदूला बसणारा झटका आठ-दहा पट झाला असता. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट परत वापरायचं नसतं, कितीही चांगलं दिसलं तरी. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब केला तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. पण हा थर्माकोल बनवलेला असतो तो डोकं रस्त्यावर आपटण्यासाठी. सीटच्या उंचीवरून डोकं खाली येताना त्याचा वेग असतो ताशी वीसच्या आसपास, हेल्मेटच्या चाचण्यासुद्धा साधारण वीस ते तीसच्याच वेगाने करतात. शंभरनं खांबाला डोकं लागलं तर तेवढ्या दोन-अडीच सेंटिमीटरचं काही चालत नाही. आणि पट्टा न लावलेलं हेल्मेट तर डोक्याच्या आधीच उडून जातं.

मग पोरं असं का करतात? "मस्ती चढलीय" म्हणून विषय संपवणं सोपं आहे. 2005 साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या दोघांनी 306 जणांना गाडी चालवायचा एक साधा कॉम्प्युटर गेम खेळायला दिला, पिवळा दिवा लागला की थांबायचं का अजून थोडं दामटायचं हे ठरवायचं. काही जण एकटे खेळले, काहींच्या बाजूला मित्र उभे केले. चोविशीच्या पुढच्यांना मित्रांमुळे फारसा फरक पडला नाही, पण तेरा ते सोळा वयाची मुलं मित्र बघत असताना कितीतरी जास्त धोका पत्करत होती, अठरा ते बावीसवाल्यांचंही तसंच. मेंदूतला लगाम खेचणारा कपाळामागचा भाग पूर्ण तयार व्हायला विशी अर्धी सरते आणि बक्षिसाची ओढ लावणारा भाग त्याच्या बराच आधी जोरात असतो. आता मागे बसलेला मित्र, त्याच्या हातात मोबाईल, रील चालू, आणि त्यात पोलिस मागे लागले तर काय होत असेल ते कळतं. अ‍ॅड्रेनलिननं छाती धडधडते, नजर बोगद्यातून बघितल्यासारखी फक्त समोरच्या एका गोष्टीवर खिळते, बाजूचे आवाजही नीट पोचत नाहीत. आणि हेच मागच्या जीपमधल्या माणसाचंही होतं, तोही माणूसच आहे. म्हणून बऱ्याच देशांत पाठलाग चालू ठेवायचा की सोडायचा हे गाडी चालवणाऱ्यानं नाही, तर वायरलेसवर लांब बसलेल्या वरिष्ठानं ठरवायचं असा नियम असतो. तो शांत डोक्यानं विचार करू शकतो, हा करू शकत नाही.

या सगळ्यात एक तिसरा माणूस असतो ज्याचा काहीच संबंध नसतो. आमच्या फ्लायओव्हरच्या टोकाला चहाची टपरी आहे, रात्री रिक्षावाले आणि हॉस्पिटलमध्ये नातेवाईक असलेली माणसं तिथे रस्ता ओलांडून जातात. येणारी गाडी किती लांब आहे आणि किती वेगात आहे हे आपला डोळा तिचा आकार किती भराभर वाढतोय त्यावरून ओळखतो. ट्रक मोठा, तो लगेच जवळ वाटतो. बाईक बारीक, रात्री तर फक्त एकच दिवा, तो लांबून जवळजवळ वाढतच नाही आणि मग अचानक अंगावर येतो. म्हणून "अजून वेळ आहे" असं वाटून म्हातारी बाई रस्त्यात पाय टाकते, यात तिची काही चूक नाही, सगळ्यांचेच डोळे असे फसतात. सायरन ऐकून लोक बाजूला होतील हेही गृहीत धरता येत नाही, बंद काचांच्या कारमध्ये एसी आणि गाणी चालू असताना तो फार उशिरा ऐकू येतो आणि इमारतींवरून आवाज फिरला की तो कुठल्या बाजूनं येतोय तेच कळत नाही.

अमेरिकेत पोलिसांचे पाठलाग खूप होतात आणि त्यांचा हिशोबही ठेवला जातो. तिथल्या एका राष्ट्रीय वर्तमानपत्रानं 1979 ते 2013 या पस्तीस वर्षांचा सरकारी डेटा चाळला तर पाठलागात किमान 11,506 माणसं गेली होती, जवळजवळ दिवसाला एक. त्यातली पाच हजारांवर माणसं पळणारी नव्हती की पोलिसही नव्हती, कुणी रस्त्यानं जात होतं, कुणी त्याच गाडीत मागे बसलं होतं. आपल्याकडे पाठलागांचा वेगळा आकडा नसला तरी वेगाचा आहे. 2022 मध्ये भारतात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातले 71 टक्के मृत्यू जास्त वेगाच्या नावावर आहेत आणि 74,897 जण टू व्हीलरवरचे होते. हेल्मेट नव्हतं असे 50,029.

मग पळणाऱ्याला सोडून द्यायचं का, हा प्रश्न मला वर्गात पोरं लगेच विचारतात, आणि सगळे बिनधास्त पळायला लागतील अशी भीतीही त्यात असते. माझं स्पष्ट मत आहे की ट्रिपल सीट, हेल्मेट नाही, लायसन नाही असल्या कारणासाठी बाईकमागे जीप पळवू नये, आणि नाकाबंदीत धावत्या बाईकचं हँडल धरणं किंवा समोर लाठी आडवी करणं तर अजिबातच नको, त्यात हवालदाराचाही जीव जातो. जेफ्री अल्पर्ट नावाचे अमेरिकन अभ्यासक आहेत, त्यांनी नव्वदच्या दशकात यावर बरंच काम केलं. मायामी भागातल्या पोलिसांनी 1992 मध्ये ठरवलं की फक्त हिंसक गंभीर गुन्ह्यासाठीच पाठलाग करायचा, पुढच्या वर्षी पाठलाग 82 टक्क्यांनी कमी झाले. ओमाहा शहरानं 1993 मध्ये उलटं केलं, नियम सैल केले, तिथे ते सहाशे टक्क्यांहून जास्त वाढले. म्हणजे पाठलाग किती होणार हे पळणाऱ्यापेक्षा पोलिसांच्या नियमावर जास्त ठरतं.

पकडायचे दुसरे मार्ग आज आहेत. कॅमेऱ्यात नंबर येतो, एप्रिल 2019 नंतरच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट असतेच, ई-चलान घरी जातं, आणि गाडी अल्पवयीन मुलाच्या हातात असेल तर मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला 25,000 रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द. नंबर प्लेट वाकवून फिरणारे असतात हे मान्य, पण ती वाकवलेली प्लेट दिवसा, उभ्या गाडीवर, पार्किंगमध्ये पकडता येते, तिथे वेग शून्य असतो.

अल्पर्ट यांनी पाठलागात पकडल्या गेलेल्या लोकांना तुरुंगात जाऊन विचारलं होतं की पोलिसांनी मागे यायचं थांबवलं असतं तर तुम्ही काय केलं असतं. बहुतेकांचं उत्तर एकच होतं, वेग कमी केला असता. शहरात साधारण दोन ब्लॉक पुढे गेल्यावर, मागे कुणी नाही अशी खात्री झाली की. दोन ब्लॉक म्हणजे आमच्या इथे फ्लायओव्हरच्या उतारापासून साधारण त्या टपरीपर्यंत.