गॅरंटीड, बर्स्टेबल, बेस्ट एफर्ट: ही नावं आली कुठून

कुबरनेटिसवर, म्हणजे अनेक मशीन्सवर प्रोग्राम वाटून चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करणाऱ्याला गॅरंटीड, बर्स्टेबल, बेस्ट एफर्ट हे तीन शब्द झोपेतही आठवतात. नोडची, म्हणजे त्यातल्या एका मशीनची, मेमरी संपली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, चालू प्रोग्रामपैकी कुणाला तरी मारणार, आणि कुणाला हे ठरवायला प्रत्येक प्रोसेसला एक आकडा चिकटवलेला असतो. बेस्ट एफर्टवाल्याला १०००, गॅरंटीडला उणे ९९७, बर्स्टेबल या दोघांच्या मध्ये कुठंतरी. आकडा मोठा तो आधी जाणार. आमच्या टीममध्ये एकदा कुणीतरी यामल या सेटिंगच्या फाइलमध्ये रिक्वेस्ट (किमान किती मेमरी आणि सीपीयू हवा) आणि लिमिट (जास्तीत जास्त किती) लिहायचंच विसरलं, म्हणजे आपोआप बेस्ट एफर्ट, मग रिपोर्टचा पॉड (प्रोग्राम ज्यात चालतो ते पुडकं) रोज रात्री दोनच्या सुमारास मरायचा आणि आम्ही तीन दिवस कोडमध्ये बग शोधत बसलो. बग नव्हताच, आम्हीच त्याला मरणाऱ्यांच्या रांगेत सगळ्यात पुढे उभं केलं होतं.

कुणाला किती चांगली सेवा द्यायची हे ठरवणं, म्हणजे क्वालिटी ऑफ सर्व्हिस किंवा क्यूओएस, हा विषय क्लाऊडबरोबर आला असं बऱ्याच जणांना वाटतं, पण त्याची सुरुवात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सापडते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा गणितज्ञ होता, त्याने १९१७ मध्ये सूत्र मांडलं की इतक्या लाइन्स आणि इतके कॉल असतील तर किती कॉलना लाइन मिळणारच नाही. तिथं हिशेब सरळ होता, एकदा कॉल लागला की तेवढी लाइन तुमची, बोला नाहीतर गप्प बसा. इंटरनेटने नेमकं हेच सोडून दिलं. डेटाचा तुकडा, म्हणजे पॅकेट, टाका, पोचलं तर पोचलं. यालाच बेस्ट एफर्ट म्हणतात, पण त्यात 'बेस्ट' काय आहे हे मला आजवर कळलेलं नाही.

म्हणजे विचारच केला नव्हता असं नाही हां. १९८१ च्या आरएफसी ७९१ या दस्तऐवजात, जिथं आयपी या इंटरनेटच्या मूळ प्रोटोकॉलची व्याख्या आहे, प्रत्येक पॅकेटच्या हेडरमध्ये 'टाइप ऑफ सर्व्हिस' म्हणून एक आख्खा बाइट ठेवलेला होता. पण बहुतेक राउटर त्याच्याकडे बघायचेच नाहीत, आणि बघून तरी काय करणार, ॲम्ब्युलन्सचा सायरन सगळ्यांना फुकट वाटला तर प्रत्येक जण तो लावूनच गाडी चालवणार. हा बाइट लक्षात ठेवा, पुढे परत येतो.

ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली लॅब ते बर्कली विद्यापीठ, अंतर ४०० यार्ड, चालत गेलं तर पाच मिनिटं, तिथला डेटाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आला. पॅकेट हरवलं की प्रत्येक मशीन तेच परत पाठवायचं, त्याने गर्दी वाढायची, मग अजून पॅकेट हरवायची. व्हॅन जेकबसनने १९८८ च्या पेपरमध्ये यावर तोडगा सांगितला, तो थोडक्यात असा की पाठवणाऱ्यानेच गर्दीचा अंदाज घेऊन हात आखडता घ्यावा. नेटवर्क वाचलं. पण माझा व्हिडिओ कॉल नीट चालेल का, याचं उत्तर त्यात नव्हतं.

मग नव्वदच्या दशकात परत टेलिफोनसारखं रिझर्व्हेशन करायचा घाट घातला गेला. १९९७ मध्ये आरएसव्हीपी नावाचा प्रोटोकॉल आला, इंग्रजी आमंत्रणाच्या तळाशी असतात तीच अक्षरं. आता आपल्याकडे येतोय की नाही हे कळवतं कोण, सहकुटुंब सहपरिवार येतात आणि पंगती उठतच राहतात, इंटरनेटचं तसंच झालं. वाटेतल्या प्रत्येक राउटरने प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवायची, हे मोठ्या नेटवर्कला झेपणारं नव्हतं. १९९८ च्या डिसेंबरमध्ये डिफसर्व्ह आलं आणि त्याने तोच १९८१ चा बाइट काढून त्यातल्या ६ बिटांवर नवं लेबल चिकटवलं. नोंद नाही, वचन नाही, फक्त वर्ग. आजही ऑफिसातल्या आयपी फोनच्या आवाजाच्या पॅकेटवर बहुतेक वेळा ४६ हा आकडा असतो, तो यातलाच.

दुसरीकडे सॉफ्टवेअरवाले वेगळ्याच वाटेने चालले होते. कोर्बासारख्या मिडलवेअरने, म्हणजे वेगवेगळ्या मशीन्सवरचे प्रोग्राम जोडणाऱ्या सॉफ्टवेअरने, ऑब्जेक्ट (प्रोग्रामचा तुकडा) कुठल्या मशीनवर आहे हे लपवलं, पण ते मशीन स्लो आहे हेही त्यातच लपलं. २००४ च्या डीडीएस या डेटा देवाणघेवाणीच्या स्टँडर्डमध्ये मात्र उघड करार आला, पाठवणारा काय देऊ शकतो आणि घेणाऱ्याला काय हवंय, जुळलं तर जोडणी, नाहीतर नाही. रोबोटवाले त्यांच्या आरओएस २ या सॉफ्टवेअरमध्ये हेच वापरतात, आणि सेन्सर 'बेस्ट एफर्ट' पाठवतोय आणि तुमचा नोड (इथं नोड म्हणजे प्रोग्राम) 'रिलायबल', म्हणजे हमखास पोचणारं, मागतोय तर डेटा येतच नाही. पहिल्यांदा यात अडकलेला माणूस हमखास केबल तपासतो.

क्लाऊडमध्ये सगळ्यात मोठी गोची झाली ती मशीन्स सारखी नसण्याची. मोठ्या डेटाचं काम अनेक मशीन्सवर वाटणाऱ्या हडूपने गृहीत धरलं होतं की सगळे नोड साधारण एकाच वेगाचे, मग जो मागे पडला त्याचं काम दुसरीकडे परत सुरू करायचं. ॲमेझॉनच्या भाड्याच्या मशीन्सवर हा हिशेब कोलमडला, कारण शेजारचं व्हर्च्युअल मशीन डिस्क खात असलं की तुमचं उगाच मागे पडतं. २००८ मध्ये बर्कलीच्याच लोकांनी वेगळा नियम सुचवला, जे काम सर्वात उशिरा संपेल असं दिसतंय तेच परत सुरू करा, तेही वेगवान नोडवर, आणि २०० मशीन्सच्या क्लस्टरवर उत्तराचा वेळ निम्म्यावर आणून दाखवला. पुढे २०१३ मध्ये गुगलच्या डीन आणि बरोसो यांनी शेपटीचं, म्हणजे सर्वात उशिरा येणाऱ्या उत्तरांचं, गणित मांडलं: एक सर्व्हर शंभरातून एकदाच एक सेकंद घेत असेल, पण एका विनंतीसाठी असे १०० सर्व्हर विचारावे लागले तर ६३ टक्के युजर सेकंदाच्या वर थांबणार. त्यांचा उपाय अगदी देशी आहे. १० मिलिसेकंद वाट बघायची, उत्तर नाही आलं तर दुसऱ्यालाही विचारायचं, जो आधी बोलेल त्याचं घ्यायचं. त्यांच्या एका चाचणीत, हजारातली सर्वात वाईट विनंती पकडली तर, वेळ १८०० मिलिसेकंदांवरून ७४ वर आला, आणि जास्तीच्या विनंत्या फक्त २ टक्के.

पॉडच्या आत प्रोग्राम कंटेनरमध्ये चालतो, त्या कंटेनरची लगाम मात्र लिनक्समध्येच आहे, नाव सीग्रुप्स, गुगलच्या इंजिनिअर्सनी २००६ मध्ये सुरू केलं आणि २००८ मध्ये कर्नलमध्ये आलं. तिथं अर्धा सीपीयू लिमिट म्हणजे दर १०० मिलिसेकंदांत ५०. चार थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रामची समांतर कामं, एकदम धावले तर साडेबारा मिलिसेकंदांतच कोटा खलास, उरलेले साडेसत्त्याऐंशी नुसतं बसून राहायचं, मग ग्राफवर सीपीयू निवांत दिसतो आणि युजर बोंबलत असतो.

आमच्या त्या रिपोर्टच्या पॉडला शेवटी रिक्वेस्ट आणि लिमिट सारखं लिहून गॅरंटीड केला. दुसऱ्या रात्रीपासून शेजारचा कॅशवाला पॉड मरायला लागला.