भूवैज्ञानिक कालपट : शाळेतील अध्यापन (सोलापूर परिसर)

पृथ्वीच्या सुमारे ४५४ कोटी वर्षांच्या इतिहासाची महाकल्प (मोठे कालखंड) आणि कल्पांनुसार (त्यांचे लहान भाग) केलेली मांडणी म्हणजे भूवैज्ञानिक कालपट. सहावी ते आठवीच्या मुलांना तो दोरीवर मोजून शिकवता येतो. भिंतीवरच्या तक्त्यात कँब्रियनपासूनचे बारा कल्प सारख्याच उंचीच्या चौकटींत बसवलेले असतात आणि त्याआधीचा सगळा काळ ‘प्रीकँब्रियन’ या एका चौकटीत उरकलेला असतो. आद्य जीवसृष्टी नेमकी त्याच चौकटीत आहे. त्यामुळे तक्ता पाठ करून घेण्यापेक्षा दोरी अंथरलेली बरी.

प्रमाण : १ मीटर = १० कोटी वर्षे, म्हणजे १ सेंमी = १० लाख आणि १ मिमी = १ लाख वर्षे. दोरी ४५.४ मीटर लागते. गाठींसाठी दोन्ही टोकांना अर्धा मीटर जास्त ठेवावा. सुतळी ताणली की लांबते, म्हणून आधी खुंट्यांना ताणून बांधावी आणि मग टेपने खुणा कराव्यात; उलट केल्यास खुणा सरकतात. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब असते, त्यात सरळ दोरी मावत नाही. प्रमाण निम्मे केले तर मावते, पण खुणांवर लावायच्या अलीकडच्या घटनांच्या चिठ्ठ्या एकमेकींवर चढतात. त्यापेक्षा मैदानाच्या कोपऱ्यांवर दोरी काटकोनात वळवावी. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. हा तास सकाळच्या शाळेत किंवा हिवाळ्यात घ्यावा.

मोजणी नेहमी ‘आज’च्या टोकापासून करावी, कारण सगळे आकडे ‘इतक्या वर्षांपूर्वी’ असेच मिळतात. सर्वाधिक चुका मिलियनचे कोटी करताना होतात. मिलियनच्या आकड्याला १० ने भागले की कोटी मिळतात : ५३९ मिलियन म्हणजे ५३.९ कोटी, दोरीवर ५.३९ मीटर. सेमी-इंग्रजीच्या वर्गात हे रूपांतर फळ्यावर आधी करून घ्यावे, नाहीतर कोणीतरी कँब्रियनची चिठ्ठी घेऊन पृथ्वीच्या जन्माच्याही पलीकडे जाऊन उभे राहते.

मुख्य खुणा अशा : माणूस (होमो सेपियन्स) ३ मिमी, क्रिटेशसचा शेवट आणि पक्षी सोडून बाकी डायनोसॉरांचा अंत ६६ सेंमी, पर्मियनअखेरचा महाविनाश २.५२ मीटर, जमिनीवरच्या वनस्पती सुमारे ४.७ मीटर, कँब्रियनची सुरुवात ५.३९ मीटर. इथपर्यंत बाराही कल्प संपतात. पुढची ४० मीटर दोरी जवळजवळ रिकामी दिसते आणि बहुतेक शिक्षक इथेच घाई करतात. तसे करू नये. ५.७५ मीटरवर एडिआकरनचे (कँब्रियनच्या लगेच आधीच्या काळाचे) मऊ शरीराचे जीव, १६.५ मीटरच्या आसपास केंद्रक असलेल्या पेशी, २४ मीटरवर हवेत ऑक्सिजन साठू लागल्याची खूण, ३४.८ मीटरवर पश्चिम ऑस्ट्रेलियातील स्ट्रोमॅटोलाइट. एवढ्याच चिठ्ठ्या लावून मुलांना ते अंतर चालायला लावावे. स्ट्रोमॅटोलाइट म्हणजे सूक्ष्मजीवांच्या थरांवर गाळ बसून वाढलेले पापुद्र्यांचे खडक. ते पाहायला ऑस्ट्रेलियाच गाठली पाहिजे असे नाही. बागलकोटकडील कलादगी खडकांतही (वयाने बरेच लहान) ते आढळतात.

स्थानिक दगड : सोलापूरच्या काळ्या मातीखाली डेक्कन ट्रॅपचा (दख्खनमधील लाव्हाथरांचा) बेसाल्ट आहे. त्याचे वय ६.६ कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे चिठ्ठी डायनोसॉरांच्या अंताशेजारीच लागते. लाव्हा थिजून झालेल्या खडकात जीवाश्म शोधू नयेत. लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात मात्र ते असू शकतात. बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिक मिळतात आणि मुले त्यांना हमखास दात किंवा हाड समजतात. दगडाच्या फटीतली फांद्यांसारखी काळी नक्षीही वनस्पतीचा ठसा नसून बहुधा मँगनीजच्या खनिजाची असते.

शहाबादी फरशी हा त्याहून चांगला नमुना. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा हा भीमा गटातला (खडकथरांच्या एका समूहातला) चुनखडक कँब्रियनच्या आधीचा, समुद्रात साचलेला. वर्गातली फरशी अशा रीतीने तिच्याखालच्या बेसाल्टपेक्षा कितीतरी जुनी निघते. तिच्यात शिंपले का सापडत नाहीत, हा प्रश्न मुलांनाच विचारावा. शिंपल्याचे प्राणी तेव्हा आलेलेच नव्हते, हे उत्तर दोरीवरून त्यांना काढता येते.

फुटक्या फरशीचा तुकडा खिळ्याने खरवडून त्या भुकटीवर लिंबाचा रस टाकला की कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे येतात. न खरवडलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर ते सहसा दिसत नाहीत आणि प्रयोग फसला असे वाटते. प्रयोग बसवलेल्या फरशीवर करू नये, डाग राहतो. बेसाल्ट फसफसत नाही. फसफसलाच तर पोकळीतल्या कॅल्साइटवर (चुनखडकातल्याच खनिजावर) रस पडलेला असतो.

गाळाचे थर कसे साचतात हे बरणीतल्या पाण्यात दाखवताना शेतातली काळी माती एकटी वापरू नये. तिचे कण इतके बारीक असतात की पाणी तास संपला तरी गढूळच राहते. दोन भाग नदीची वाळू, एक भाग माती घेऊन रात्रभर न हलवता ठेवावे. तुरटी फिरवली तर पाणी लवकर निवळते, पण बारीक कण गुठळ्या होऊन एकदम खाली बसतात आणि जाड-बारीक थरांचा फरक पुसट होतो.

मूल्यमापनासाठी कल्पांची नावे क्रमाने लिहायला सांगण्यापेक्षा चिठ्ठ्या काढून घ्याव्यात आणि ‘ऑक्सिजन’, ‘डायनोसॉर’, ‘माणूस’ या तीन खुणा मुलांना अंदाजाने लावायला द्याव्यात. मीटरभराची चूक पहिल्या खुणेत चालून जाते, दुसरीत ती दहा कोटी वर्षांची असल्याने कल्पच बदलतो, तर तिसरीत सेंटिमीटरची चूकही मोठी ठरते.