डोंगरउताराच्या जमिनीवर कामाची टोळी बोलावताना

पुणे-सातारा भागातल्या डोंगरउताराच्या खाजगी जमिनींवर आम्ही दहा जणांची टोळी पाठवतो: एक मुकादम, एक आखणी करणारा आणि आठ काम करणारे. समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले चर), ओघळींतले दगडी बांध, घाणेरी म्हणजे टणटणीची झुडपे काढणे, जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा) आणि देशी झाडांची लागवड ही कामे टोळी करते. "एकरी किती घेता?" हा प्रश्न फोनवर हमखास येतो. जागा पाहिल्याशिवाय त्याचे खरे उत्तर देता येत नाही. का, ते पुढे वाचून लक्षात येईल.

कोणते काम मोजमापावर, कोणते रोजावर

खोदाई मोजमापावरच द्या. चराची लांबी, रुंदी, खोली टेपने मोजता येते, त्यात वादाला जागा नसते. घाणेरी काढण्याचे काम मात्र कधीही एकरावर देऊ नका, आम्हालाही नाही. एकरावर घेतलेल्या कामात कोयत्याने वरचेवर छाटून रान मोकळे दाखवणे सोपे असते. दोन पावसांत तीच जाळी दुप्पट दाट होते, कारण छाटलेल्या बुडख्यातून एकाच्या जागी पाच-सहा फुटवे येतात. हे काम रोजावर, मुकादम समोर ठेवून आणि मुळे तपासून घ्यायचे. दगडी बांध आम्ही मोजमापावर घेतो, पण पाया उकरल्यावर आणि रचाई पूर्ण झाल्यावर, अशा दोन टप्प्यांत तुम्ही स्वतः पाहून मगच पैसे द्या.

समतल चर

आमचा नेहमीचा चर ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल असतो. दोन ओळींत १० मीटर अंतर ठेवले तर एकरात साधारण ४०० मीटर चर बसतो. म्हणजे ७२ घनमीटर खोदाई, ब्रासमध्ये सांगायचे तर पंचवीसच्या आसपास. चर एकदा काठोकाठ भरला की ७२ हजार लिटर पाणी अडते. उतारावरून वाहून येणारे १८ मिमी पाणी त्यात मावते. त्याहून मोठी सर आली तर चर ओसंडणार, हे धरूनच आखणी करावी लागते.

मऊ मातीत एक माणूस दिवसाला दीड घनमीटर खोदतो, मुरुमात एकच. म्हणून तोच एकर एका ठिकाणी सहा दिवसांत होतो आणि दुसरीकडे नऊ दिवस घेतो. हातभर खाली कातळ लागत असेल तर तिथे चर घेऊच नये.

चराचा सगळा जीव आखणीत आहे. ए-फ्रेम (इंग्रजी A च्या आकाराची, मधे ओळंबा टांगलेली चौकट) किंवा पाण्याच्या नळीने समपातळीचे बिंदू काढून फक्की (खुणेची पांढरी पूड) टाकली जाते, मगच टिकाव लागतो. कामाला लागण्याआधी ए-फ्रेम तपासून घेतलेली असली पाहिजे: दोन्ही पाय खुणेवर ठेवून ओळंब्याची रेघ मारायची, मग पायांची अदलाबदल करून पुन्हा रेघ मारायची. दोन रेघांच्या बरोबर मधला बिंदू हीच खरी समपातळी. वारा असेल तर ओळंबा डोलतो, तेव्हा नळी बरी. नळीत एक जरी बुडबुडा अडकला तरी माप चुकते, म्हणून ती भरल्यावर बोटांनी टिचक्या मारत बुडबुडे वर आणून घालवावे लागतात.

पातळी चुकली की काय होते ते लक्षात ठेवा. तीस मीटर लांबीत एका टोकाला दहा सेंमी उतार राहिला तर सगळे पाणी खालच्या टोकाला जमते, तिथून फुटते आणि खाली नवी ओघळ पडते. पाणी अडवायला खोदलेला चर माती वाहून न्यायला लागतो. यावर उपाय म्हणून दर दहा मीटरवर अर्धा मीटर जमीन न खोदता आडवा बंध म्हणून सोडतो. चूक झालीच तरी ती दहा मीटरांपुरती राहते. निघालेली माती चराच्या खालच्या बाजूला, कडेपासून वीतभर जागा सोडून टाकायची. अगदी काठावर टाकली तर पहिल्याच पावसात ती परत चरात येते.

काम माथ्यापासूनच सुरू करायचे. "पैसे कमी आहेत, खालच्या दोन ओळी घेऊ" असे सुचवले जाते, पण वरचे सगळे पाणी पहिल्याच चरावर आदळते आणि तो टिकत नाही. पैसे थोडे असतील तर वरच्या दोन ओळी घ्या, उरलेल्या पुढच्या वर्षी.

ओघळींत अनगड दगडांचे बांध घालतो. उंची पाऊण मीटरच्या वर नेत नाही. मधला भाग काठांपेक्षा वीतभर खाली ठेवतो, म्हणजे पाणी मधूनच जाते, बांधाला वळसा घालून काठ कापत नाही. दोन्ही टोके काठात अर्धा मीटर घुसवलेली हवीत. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत यावा: उतार दहा टक्के आणि उंची ७५ सेंमी असेल तर अंतर साडेसात मीटर. दगड सुटे पडलेलेच वापरतो. उतारात रुतलेले दगड उपटून बांध घातला तर जेवढी माती अडते त्याहून जास्त सुटते.

घाणेरी (टणटणी)

पाऊस ओसरल्यावर, जमीन अजून ओली असताना हे काम सोपे जाते. पद्धत मूळ तोडण्याची आहे, झाड छाटण्याची नाही. खोड जिथे जमिनीत शिरते तिथून तीन-चार बोटे खाली, फुटवे जिथून येतात त्या गाठीच्या खाली, कुदळीने मुख्य मूळ तोडायचे. मग अख्खे झुडूप उचलून मुळे वर करून ठेवायचे. आडवे टाकले तर ओल्या जमिनीला टेकलेल्या फांद्यांना पुन्हा मुळ्या फुटतात. तपासायला सोपी खूण अशी: उलट्या ठेवलेल्या झुडपाच्या बुडाला गाठ आणि मुळाचा तुकडा दिसला पाहिजे. नुसता तिरका छाट दिसला तर ते काम झालेले नाही, मुकादमाला तिथेच थांबवा.

जाळून मोकळे होऊ नका, आगीनंतर घाणेरी जोमाने फुटते. जेसीबीही नको, तो वरची माती घेऊन जातो. दाट जाळीत एका माणसाला एका गुंठ्याला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो, म्हणजे आठ जणांना एकराला पाच दिवस. काम सुरू होण्याआधी जाळीखाली दबलेली जांभूळ, हिरडा, ऐन यांची रोपे शोधून त्यांना रंगीत फीत बांधतो. ती वाचली तर लागवडीचा अर्धा खर्च वाचतो.

तीव्र उतार एका दमात मोकळा करू नका. ती जाळी कितीही नकोशी असली तरी माती तिने धरलेली असते. आडवे पट्टे पाडून एक आड एक घ्या आणि मोकळ्या पट्ट्यात पवन्या, मारवेल किंवा डोंगरी गवताचे बी टाका. बुलबुल-साळुंख्या घाणेरीची फळे खाऊन मोठ्या झाडांखाली बी टाकत राहतात, म्हणून पुढचे दोन पावसाळे रोपे हाताने उपटायची फेरी लागतेच. ही फेरी करारात नसेल तर पहिल्या फेरीचे पैसे घालवू नका. आम्ही ती अंदाजपत्रकात सुरुवातीलाच लिहितो.

आम्ही न घेणारी कामे

सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चर किंवा खड्डे आम्ही खोदत नाही. कातळावरची ती बोटभर माती, त्यातले कंद आणि पावसाळी फुले एकदा उखडली की परत येत नाहीत. कास पठारासारखी प्रसिद्ध नसलेली शेकडो छोटी पठारे आहेत, ती तितकीच मोलाची आहेत. मोकळ्या माळरानावर झाडे लावायलाही आम्ही येत नाही. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, लांडगा, चिंकारा आणि धाविक पक्षी यांना तो उघडाच लागतो. तिथे चराई थोडी आवरून गवत राखले तर पुरते.

झाडतोडीचे तसेच. खाजगी जमिनीवरही कायद्याच्या अनुसूचीत (यादीत) असलेली झाडे तोडायला १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे परवानगी लागते. ती मालकाने घ्यायची, कागद पाहिल्याशिवाय टोळी कुऱ्हाड लावत नाही. जाळरेषा आम्ही गवत कापून आणि दाताळ्याने ओढून तीन ते सहा मीटर रुंद करतो, पेटवून देत नाही. हे काम गवत वाळल्यावर, जानेवारीअखेरीपर्यंत उरकलेले हवे. शेजारी वनहद्द असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयाला आधी कळवा.

तुमच्याकडून काय लागते

हद्द. अर्धी भांडणे इथेच होतात. मोजणीच्या खुणा दाखवा, नसतील तर शेजारच्या खातेदाराला आखणीच्या दिवशी बोलावून घ्या. पिण्याचे पाणी दिवसाला ५० लिटर, मुक्काम असेल तर वापराचे आणखी तीनशे लिटर. झोपायला कोरडी शेड आणि संडास. टिकाव, फावडी, घमेली, पहारी, हातमोजे, बूट आणि अपघात विमा आमचा.

दगडांखाली फुरसे आणि घोणस असतात, म्हणून आमची माणसे दगड आधी पहारीने उलटतात, हात नंतर घालतात. सर्पदंशावरचे प्रतिविष (इंजेक्शन) असलेले जवळचे सरकारी रुग्णालय कोणते आणि तिथवर न्यायला गाडी कोणाची, हे पहिल्या दिवशी मुकादमाला लिहून द्या. जागेवर आग्या मोहोळ असेल तर येण्याआधीच सांगा, तो भाग आम्ही सोडून देतो. मार्चनंतर खोदाई सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चारनंतर चालते, त्यामुळे दिवस वाढतात.

चरांसाठी जानेवारीपर्यंत कळवा, म्हणजे मेअखेर काम संपते. लागवडीचे खड्डे (४५ सेंमी लांब, रुंद आणि खोल) उन्हाळ्यात घेतो आणि दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावरच रोपे लावतो. फोन करताना गट क्रमांक, सातबारा, माथ्यावरून आणि पायथ्यावरून काढलेला एकेक फोटो आणि गाडी कुठवर येते ही माहिती हाताशी ठेवा.