राजम्याचं उत्पन्न नेमकं कुठे ठरतं?

राजम्याचं जास्त पिकणारं झाड शेतात उभं असतानाच ओळखता येईल का? हिशेब तसा सरळ दिसतो: झाडावरच्या शेंगा, गुणिले शेंगेतले दाणे, गुणिले एका दाण्याचं वजन. समजा, एका झाडाला १५ शेंगा आहेत, शेंगेत सरासरी ५ दाणे आणि दाणा ०.३० ग्रॅमचा. एकूण २२.५ ग्रॅम. शेजारच्या झाडाला २० शेंगा लगडल्या आहेत, पण शेंगेत ४ दाणे आणि दाणा ०.२८ ग्रॅमचा. एकूण २२.४ ग्रॅम! पाच शेंगा जास्त असूनही पदरात काहीच जास्त पडलं नाही.

याचं कारण झाडाच्या वाढीच्या क्रमात आहे. आधी फुलं येतात, मग शेंगा धरतात, शेवटी दाणे भरतात. पानांनी तयार केलेलं अन्न मर्यादित असतं. राजम्याला पोसता येतील त्याहून बरीच जास्त फुलं लागतात आणि त्यातली पुष्कळ गळतात. रात्री उष्ण असतील तर परागकण निकामी होऊन गळ आणखी वाढते. उलट शेंगा कमी धरल्या, तर उरलेल्यांना जास्त अन्न मिळून दाणे टपोरे होऊ शकतात.

तरीही एकच गुण मोजायचा झाला, तर मी शेंगांची संख्या मोजेन. बहुतेक चाचण्यांत उत्पन्नाशी तिचाच संबंध सर्वांत घट्ट आढळतो. टपोरा दाणा मात्र फसवतो. अँडीज पर्वतातल्या वाणांचे दाणे मोठे, मध्य अमेरिकेतल्या वाणांचे लहान. पण लहान दाण्याचे वाण अनेकदा जास्त पिकतात. शिवाय दाण्याचा आकार परिस्थितीनेही बदलतो. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसन यांनी १९०३ मध्ये याच पिकावर दाखवलं, की एकाच शुद्ध वंशातले, म्हणजे स्वपरागणाने वाढलेल्या एकाच झाडाच्या संततीतले, मोठे दाणे पिढ्यानपिढ्या निवडून पेरले तरी पुढचे दाणे सरासरीने मोठे होत नाहीत. तो फरक वंशातून आलेलाच नसतो.

दुष्काळात तर शेंगांची संख्याही पुरेशी ठरत नाही. पाणी तुटलं की काही वाण शेंगा धरतात, पण अन्न टरफलातच अडकून राहतं. चांगला वाण ते टरफलातून दाण्यात ओढून घेतो. म्हणून पैदासकार वाळलेल्या शेंगा आधी अख्ख्या तोलतात, मग सोलून नुसते दाणे तोलतात. शेंगेच्या वजनात दाण्यांचा वाटा जितका मोठा, तितका तो वाण दुष्काळात निवडीला योग्य.