टँक वॅगन सुरक्षा तपासणी (सोलापूर विभाग)

पेट्रोल, डिझेल, द्रवरूप पेट्रोलियम वायू (एलपीजी), अमोनिया, आम्ले अशा धोकादायक द्रव्यांची ने-आण करणाऱ्या रेल्वेच्या टाकीबंद मालडब्याला टँक वॅगन म्हणतात. ही वॅगन रुळावर धावण्यास आणि माल भरण्यास योग्य आहे की नाही, हे ठरवण्यासाठी कायद्याने व रेल्वेच्या नियमावल्यांनी जी तपासणी सक्तीची केली आहे, तिचा परिचय या नोंदीत आहे. उदाहरणे मुख्यतः मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागातील आहेत.

सोलापुरात रेल्वे १८६० साली आली. विभाग म्हणून सोलापूर १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला आणि १९७७ मध्ये पुन्हा मध्य रेल्वेत आला. शहरातून पुण्याकडे निघाल्यावर बाळे ओलांडले की पाकणी स्थानक येते. जिल्ह्याच्या इंधनपुरवठ्याचे केंद्र हेच. तेल कंपन्यांचे डेपो इथे आहेत, आणि हिंदुस्तान पेट्रोलियमची मुंबई–पुणे–सोलापूर ही सुमारे ५०८ किमीची नळवाहिनीही इथेच येऊन संपते. शेतातल्या पंपापासून एसटीच्या आगारापर्यंत या भागात जळणारे इंधन एका ना एका टप्प्यावर नळातून, रुळावरून किंवा रस्त्यावरच्या टँकरमधून जाते. या तिघांचे नियम वेगळे आहेत. इथे रुळावरचा टप्पाच घेतला आहे.

वॅगनची रचना

पेट्रोल-डिझेलसाठी भारतीय रेल्वेवर सर्वाधिक वापरली जाणारी वॅगन म्हणजे बीटीपीएन. तिच्या टाकीची क्षमता ७०.४ घनमीटर, रिकाम्या वॅगनचे वजन २७ टन आणि माल ५४.२८ टन. पेट्रोल हलके असल्याने ही टाकी वजनाची मर्यादा गाठण्याआधीच आकारमानाने भरत येते. डिझेलचे उलट आहे. त्याचे वजन आधी पूर्ण होते आणि टाकीत जागा उरते. म्हणून पेट्रोल भरताना वर मोकळी जागा मुद्दाम राखावी लागते. तापमान १० अंशांनी वाढले की पेट्रोल सुमारे १ टक्का फुगते, म्हणजे भरल्या टाकीत जवळपास ७०० लिटरची भर पडते. पहाटे भरलेली गाडी एप्रिल-मे महिन्यांत दुपारी सोलापूरच्या चाळिशीपार उन्हात उभी राहिली, तर ही मोकळी जागा किती मोलाची असते ते वेगळे सांगायला नको.

टाकीच्या माथ्यावर डोम, म्हणजे घुमटासारखे तोंड, व त्याचे झाकण असते. शिवाय आतला दाब सोडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह आणि बाष्प सोडण्याचा कॉक असतो. तळाशी टाकीच्या आत मास्टर व्हॉल्व्ह असतो. तो वरून, डोममधून, फिरवला जातो. त्याखालून दोन्ही बाजूंना निघालेल्या नळ्यांवर एकेक डिस्चार्ज व्हॉल्व्ह आणि त्यापुढे बोल्टांनी आवळलेली ब्लँक फ्लँज, म्हणजे जाड पोलादी चकती. एक अडसर निकामी झाला तरी दुसरा धरून ठेवील, अशी ही तीन पदरी योजना आहे. एलपीजीच्या बीटीपीजीएलएन वॅगनला दाब सोसावा लागतो, म्हणून तिची टाकी इतकी जाड असते की रिकाम्या वॅगनचे वजन तिच्यात भरायच्या वायूपेक्षाही जास्त भरते.

कायद्याची चौकट

टँक वॅगनवर एकाच खात्याचा अंमल नाही. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम ६७ नुसार धोकादायक माल रेल्वेने पाठवणाऱ्याने त्याचे स्वरूप लेखी कळवले पाहिजे आणि मालावर स्पष्ट खूण केली पाहिजे. तसे केले नाही तर रेल्वे कर्मचारी माल नाकारू शकतो. बेकायदेशीरपणे असा माल आणणाऱ्याला कलम १६४ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद करण्यात आली. कैदेची तरतूद कडक आहे. दंडाची रक्कम मात्र संभाव्य नुकसानीपुढे फारच तुटपुंजी वाटते.

याच चौकटीतील रेड टॅरिफ नियम, २००० धोकादायक मालाचे ८ वर्ग करतात. त्यांत स्फोटके, दाबाखालचे वायू, पेट्रोलियम व इतर ज्वालाग्राही द्रव, ज्वालाग्राही घन पदार्थ, ऑक्सिडीकारक, विषारी पदार्थ, किरणोत्सर्गी पदार्थ आणि आम्ले व इतर क्षरणकारी पदार्थ येतात. कोणता माल कशात भरायचा, कोणाशेजारी ठेवायचा नाही, कोणती लेबले लावायची, हे या नियमांतून ठरते.

पेट्रोलियम साठवणे आणि हाताळणे मात्र पेट्रोलियम अधिनियम, १९३४ व पेट्रोलियम नियम, २००२ यांच्या कक्षेत येते. त्यांची अंमलबजावणी पेसो (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना) ही संस्था करते. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. हे नियम ज्वलनांकावरून, म्हणजे द्रवाची वाफ ज्योतीने पेट घेऊ शकते त्या किमान तापमानावरून, वर्ग पाडतात. २३ अंश सेल्सिअसच्या खाली 'अ', २३ ते ६५ पर्यंत 'ब', ६५ ते ९३ पर्यंत 'क'. पेट्रोल 'अ' वर्गात येते, डिझेल 'ब' वर्गात. डेपोतील अग्निसुरक्षेची मानके तेल उद्योग सुरक्षा संचालनालय घालून देते. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरच्या तेल डेपोत लागलेल्या भीषण आगीनंतर या मानकांची फेरतपासणी झाली. वॅगनचा आराखडा आणि देखभालीच्या सूचना लखनौच्या आरडीएसओकडून, म्हणजे रेल्वेच्या संशोधन, आराखडा व मानक संस्थेकडून, येतात. गंभीर रेल्वे अपघाताची वैधानिक चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. हे आयुक्तालय रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, आणि चौकशीच्या निष्पक्षतेसाठी ही व्यवस्था फार महत्त्वाची आहे.

तपासणी कशी होते

वॅगनच्या अंगावर तिची कुंडली रंगवलेली असते. ११ अंकी क्रमांकातील पहिले २ अंक प्रकार सांगतात, पुढचे २ मालक रेल्वे, त्यापुढचे २ बांधणीचे वर्ष. मग ४ अंकी अनुक्रम येतो आणि शेवटचा अंक आधीचे अंक बरोबर आहेत की नाहीत ते पडताळण्यासाठी असतो. शेजारी मागची मोठी दुरुस्ती कुठल्या कारखान्यात व कधी झाली आणि पुढची केव्हा, हे लिहिलेले असते. बीटीपीएनची कारखान्यातील संपूर्ण दुरुस्ती, म्हणजे पीओएच, साधारण ६ वर्षांनी होते. मधल्या काळात सुमारे १८ महिन्यांनी डेपोतली नियमित दुरुस्ती, म्हणजे आरओएच, असते. पुढची तारीख उलटून गेलेली वॅगन भरायला द्यायची नाही, हा पहिला नियम.

रोजची तपासणी कॅरेज अँड वॅगन विभागाचे कर्मचारी करतात. सगळे त्यांना टीएक्सआर (ट्रेन एक्झामिनर) म्हणतात. गाडी यार्डात हळू शिरत असताना दोन्ही बाजूंना माणसे उभी राहून चाके, बेअरिंग, लोंबणारे भाग पाहतात. तापलेल्या बेअरिंगचा वास आणि बदललेला आवाज अनुभवी माणसाला आधी कळतो. गाडी थांबली की ब्रेकचे सिलिंडर, एअर पाइप, कपलर, स्प्रिंग, चाकांची कड यांची पाहणी होते. दोष सापडलेली वॅगन 'सिक' ठरवून गाडीपासून सोडवतात आणि सिक लाइनला, म्हणजे दुरुस्तीच्या रुळावर, पाठवतात. सगळे ठीक असेल तर ब्रेक पॉवर सर्टिफिकेट, म्हणजे गाडीचे ब्रेक पुरेसे चालतात याचे प्रमाणपत्र, निघते. त्यावर लोको पायलट व गार्ड (२०२२ पासूनचे पदनाम ट्रेन मॅनेजर) यांच्याही सह्या लागतात. ठरावीक मार्गावर फिरणाऱ्या क्लोज सर्किट रेकसाठी (रेक म्हणजे जोडलेल्या वॅगनचा पूर्ण संच) हे प्रमाणपत्र अनेक वर्षे ७५०० किमी किंवा ३५ दिवस, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत ग्राह्य धरले गेले.

इथवरची तपासणी कुठल्याही मालगाडीला लागू आहे. टँक वॅगनची खरी परीक्षा सायडिंगवर, म्हणजे माल भरण्या-उतरवण्याच्या बाजूच्या रुळावर, होते, जिथे वॅगन रेल्वेच्या ताब्यातून कंपनीच्या आणि पुन्हा रेल्वेच्या ताब्यात जाते. भरण्याआधी टाकीला गळती नाही ना, मास्टर व्हॉल्व्ह पूर्ण बसतो ना, फ्लँजचे सगळे बोल्ट जागेवर आहेत ना, डोमच्या झाकणाचे गॅस्केट धड आहे ना, हे पाहतात. आधी कोणता माल होता, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. भरण्यापूर्वी वॅगन भू-संपर्कित करतात, म्हणजे तारेने जमिनीशी जोडतात, कारण नळीतून वाहणारे पेट्रोल स्थिर वीज निर्माण करते आणि एक ठिणगी पुरते. पितळी किंवा ठिणगी न पाडणारी हत्यारे वापरणेही त्याचसाठी. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर २५ हजार व्होल्टच्या तारेचा प्रश्न असतो. सायडिंगवर ती तार असेल तर काम सुरू करण्याआधी तिचा प्रवाह तोडून ती भू-संपर्कित करावी लागते, आणि मुख्य मार्गाच्या रुळांतून येणारा भटका प्रवाह अडवण्यासाठी सायडिंगचे रूळ विद्युतरोधक सांध्यांनी वेगळे केलेले असतात.

शंटिंगच्या, म्हणजे यार्डात वॅगन इकडून तिकडे हलवण्याच्या, बाबतीत नियम असा की धोकादायक मालाच्या वॅगन ताशी ८ किमीपेक्षा जास्त वेगाने हलवायच्या नाहीत. इतर शंटिंगला १५ किमीची मुभा असते. इंजिनाने ढकलून मोकळ्या सोडणे तर पूर्ण निषिद्ध. तशी सूचना टाकीवरच लिहिलेली असते.

रिकामी टाकी

या विषयातील सर्वांत दुर्लक्षित आणि म्हणूनच सर्वांत जपण्याजोगा भाग म्हणजे रिकामी वॅगन. पेट्रोलची वाफ हवेत सुमारे १.४ ते ७.६ टक्के असते तेव्हाच पेट घेते. भरलेल्या टाकीत द्रवावरच्या जागेत वाफ इतकी दाट असते की सहसा ती या मर्यादेच्या वर राहते. टाकी रिकामी होताना आत हवा शिरते, वाफ विरळ होत जाते आणि मिश्रण नेमके स्फोटक पट्ट्यात येते. म्हणून धुऊन वाफमुक्त न केलेली रिकामी वॅगन नियमांच्या दृष्टीने भरलेलीच समजली जाते. माल उतरवल्यावर मास्टर व्हॉल्व्ह बंद, दोन्ही डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद, ब्लँक फ्लँज सगळ्या बोल्टांनिशी आवळलेली आणि डोमचे झाकण घट्ट, अशा अवस्थेतच ती रेल्वेला परत करायची असते. दोन बोल्ट कमी असले म्हणून काय बिघडते, असे म्हणण्याची सवय धोक्याची आहे. टाकीत उतरून काम करायचे किंवा वेल्डिंग करायचे असेल तर सक्षम व्यक्तीकडून वाफमुक्त असल्याचे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय हात लावता येत नाही.

टाकी किती स्वच्छ करता येते, याचे मराठवाड्याला आठवणारे उदाहरण २०१६ च्या दुष्काळातले. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुरू झाली. लोकांनी तिला जलदूत म्हटले. इंधनाच्या जातीच्याच वॅगन त्यासाठी कोटा येथील रेल्वे कारखान्यात वाफेने धुऊन पिण्याच्या पाण्यासाठी तयार केल्या होत्या. पहिली १० वॅगनची गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोचली. पुढे ५० वॅगनच्या गाड्या धावल्या. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी असा त्यांचा सुमारे ३४२ किमीचा मार्ग सोलापूर जिल्ह्यातूनच गेला.

इतर देशांतील पद्धत

अमेरिकेत टँक वॅगन बहुतेक रेल्वे कंपन्यांच्या नसतात. त्या माल पाठवणाऱ्यांच्या किंवा भाड्याने देणाऱ्या कंपन्यांच्या असतात. म्हणून ठरावीक काळाने टाकी तपासून घेण्याची जबाबदारी तिथे मालकावर असते आणि जास्तीत जास्त १० वर्षांनी टाकीची जाडी, जोड, व्हॉल्व्ह, गळती यांची परीक्षा होते. पूर्वी टाकीत पाण्याचा दाब देऊन ती तपासत. १९९५ च्या नियमांपासून धातूला धक्का न लावता भेगा शोधणाऱ्या चाचण्यांवर भर आला. ६ जुलै २०१३ रोजी कॅनडातील लाक-मेगांतिक गावात कच्च्या तेलाची गाडी घसरून ४७ माणसे मेली. त्यानंतर दोन्ही देशांनी जुन्या डॉट-१११ प्रकारच्या टाक्या टप्प्याटप्प्याने बाद करून जाड पत्रा, उष्णतारोधक आवरण आणि टाकीच्या दोन्ही टोकांवर पूर्ण ढाल असलेल्या डॉट-११७ टाक्या आणायला सुरुवात केली. ओहायोतील ईस्ट पॅलेस्टाइनला ३ फेब्रुवारी २०२३ रोजी ३८ डबे घसरले ते तापलेल्या बेअरिंगमुळे. टाक्यांवरचा व्हॉल्व्ह कितीही उत्तम असला तरी खालच्या चाकाकडे दुर्लक्ष चालत नाही, हे त्या अपघाताने दाखवले. आपल्याकडे १३ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत तिरुवळ्ळूरजवळ डिझेलच्या गाडीला आग लागून अनेक वॅगन जळाल्या.

सोलापूरपुरता विचार

सोलापूरच्या कामगार वस्तीत मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलली जाते. सायडिंगवर फ्लँज आवळणारा माणूस यांपैकी कोणतीही भाषा बोलणारा असू शकतो. देखभालीच्या पुस्तिका व परिपत्रके इंग्रजी-हिंदीत असतात. डोम आणि व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचा क्रम या माणसाला त्याच्या भाषेत, चित्रांसह, कामाच्या जागी लावलेल्या फलकावर वाचता आला पाहिजे. याला खर्च फारसा नाही आणि तो टाळण्याला कारणही नाही.

नागरिकांसाठी सूचना थोड्या आहेत. उभ्या टँक वॅगनवर चढू नये. विद्युत तारेखाली टाकीच्या माथ्यावर जाणे जिवावर बेतते. गळती दिसली तर सांडलेल्या तेलासाठी डबे घेऊन धावू नये, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत दूरवर पसरते. विडी, काडी, गाडीचे इंजिन यांपासून लांब राहून वारा जिकडून येतो त्या बाजूला सरकून रेल्वेच्या १३९ क्रमांकावर कळवावे. टाकीवर किंवा रस्त्यावरच्या टँकरवर रंगवलेला चार अंकी क्रमांक दुरून वाचता आला तर तोही सांगावा. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी.